‘आला’ म्हटलं की खाली बसायचं

भाला जमिनीला लागतो त्या क्षणी माझे डोळे मिटलेले असतात, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. तोवर निम्मं आयुष्य मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात आणि मैदानांवर पंच म्हणून उभं राहण्यात घालवलं होतं. कळलं तेही नको त्या वेळी. आपल्या देशात भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेसाठी पंच म्हणून माझी निवड झाली होती. काम मिळालं होतं पुरुषांच्या भालाफेकीत, भाले जिथे पडतात तिथे उभं राहायचं.

दाखवून दिलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. शाळेत असताना ती भालाफेकीत जिल्ह्यात पहिली यायची. आता आमच्या देवळीला बसस्टँडच्या मागे ब्युटी पार्लर चालवते, पण पार्लर उघडण्याआधी मैदानावर येऊन हौसेने भाला फेकणं तिने सोडलेलं नाही. वर्ध्याच्या जिल्हा स्पर्धेत तिने मोबाईलवर माझं शूटिंग केलं होतं. मॅडमची निवड झाली म्हणून ग्रुपवर टाकायचं होतं. टाकण्याआधी तिने मला ते संथ करून दाखवलं. भाला वरून येतो, मी मान वर करून बघते, भाला खाली येतो, आणखी खाली, आणि गवताला टेकायच्या आत माझे डोळे घट्ट बंद. भाला रुतून थरथरत उभा राहिला की उघडतात.

“मॅडम, तुम्ही तं झोपल्या,” ती म्हणाली.

“पापणी लवली असेल.”

“पापणी नाई लवली. हे पाहा, तोंड पण आवळलं. आयब्रो करताना बाया करते तसं.”

तिने दुसरी फेक दाखवली, मग तिसरी. सगळीकडे तेच. मी तिला ते ग्रुपवर टाकू दिलं नाही.

यात घाबरण्यासारखं काय, हे भालाफेक न पाहिलेल्यांना सांगायला हवं. भाला रुतला तर काम सोपं असतं. भोक दिसतं, तिथे खूण रोवायची, तिथून माप घेतलं जातं. पण भाला रुतलाच पाहिजे असा नियम नाही. त्याचं लोखंडी टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे, एवढंच. कधी भाला पसरट येतो, टोक ओझरतं टेकवतो, आडवा होतो आणि गवतावरून घसरत लांब जातो. टोक आधी लागलं की शेपूट, आणि नेमकं कुठे, हे तेव्हा फक्त जवळ उभ्या असलेल्या पंचाच्या डोळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे शाळांच्या स्पर्धा पावसाळा सरता सरता होतात. काळी माती ओली असते, भाला कसाही आला तरी रुततो. इतकी वर्षं माझं निभावून नेलं ते त्या मातीने. तिकडच्या मैदानावर कापलेलं, दाबलेलं गवत असणार होतं. तिथे एखाद्याने वर्षानुवर्षं घाम गाळून फेकलेला भाला माझ्यासमोर घसरत गेला, आणि मुख्य पंचाने “कुठे लागला?” असं विचारलं, तर मी काय सांगणार होते?

डोळे मिटायची सवय कुठून लागली, तेही मला माहीत होतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तालुक्याच्या स्पर्धा चालू होत्या. मी बाजूला खाली बसून एका मुलीच्या पायाला पट्टी बांधत होते. एकाच्या हातून भाला तिरका सुटला आणि माझ्या ओढणीतून आरपार जमिनीत गेला. ओढणी गळ्याभोवती होती, त्यामुळे मला उठता येईना. मुलगी रडायला लागली. मी भाला उपसला, ओढणी सोडवली, पट्टी पुरी केली आणि स्पर्धा पुढे चालू ठेवली. घाबरायला वेळच नव्हता. भीती घरी गेल्यावर आली, पोळ्या लाटताना. लाटणं हातात धरवेना.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. आमच्या मैदानाला ना भिंत, ना दोर. त्यावरून लोक बाजाराला जातात, बकऱ्या चरतात, निवृत्त मंडळी फेऱ्या मारतात. म्हणून फेकणाऱ्याने भाला सोडायच्या आधी “आला” असं मोठ्याने ओरडायचं, आणि मैदानावर जो कोणी असेल त्याने असेल तिथे खाली बसायचं, डोकं गुडघ्यांत, हात मानेवर. पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. आता देवळीत ते सगळ्यांच्या अंगात मुरलंय. बकऱ्या चारणारी म्हातारीसुद्धा “आला” ऐकलं की बसते. बकऱ्या बसत नाहीत. एका लग्नात पंगत बसली असताना कुणी चावटपणे “आला” ओरडलं, तर निम्म्या पंगतीने पत्रावळीवर डोकी घातली. नवरदेवानेही. तो माझाच विद्यार्थी.

अडचण अशी की इतकी वर्षं तो नियम शिकवताना मीही बसत होते. पंच म्हणून उभी असले तरी आतून बसलेलीच असायचे. गुडघे ताठ ठेवायला शिकले होते, पण डोळ्यांचं कुणी बघितलं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं. ते सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्सरे काढायच्या विभागात आहेत. जेवताना शांतपणे म्हणाले, “श्वास रोखा म्हटलं का लोक डोळे बी मिटते. कोणी सांगतलेलं नसते.”

“मग तुम्ही काय करता?”

“काई नाई. फोटो छातीचा असते. डोळ्याचं मले काय करा लागते?”

“माझं डोळ्याचंच काम आहे.”

“मंग नाई म्हणून दे. दुसऱ्याले पाठवतीन. डोळे मिटून पाहणारी पंच काऊन पाहिजे थ्यायले?”

चेष्टाच होती, पण ती मला दिवसभर टोचत राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. पाठ दुखते म्हटलं असतं तर कुणी तपासायला आलं नसतं. पण आमच्या जिल्ह्यातून अशा स्पर्धेला आजवर कुणाला बोलावलं नव्हतं, आणि पंचांची परीक्षा मी अभ्यास करून पास झाले होते. एकदा नकार दिला की पुन्हा बोलावणं येत नाही, हेही ठाऊक होतं. जायचं ठरवलं. डोळ्यांचा बंदोबस्त करायचं ठरवलं.

रोज सकाळी मैदानावर जायला लागले. विद्यार्थिनी धावत येऊन भाला फेकायची, मी तो पडेल तिथे जाऊन उभी राहायची. खरी भीती म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं, कारण आता मी त्या भीतीकडे बघायला लागले होते. भाला बाजूने जाताना रेघ दिसतो, लांब, लवलवणारी. पण तो तुमच्याच दिशेने येत असेल तर रेघ दिसत नाही, ठिपका दिसतो. ठिपका डावीकडे सरकला तर भाला डावीकडे पडणार, उजवीकडे सरकला तर उजवीकडे. जो ठिपका सरकत नाही, नुसता जागच्या जागी मोठा होत जातो, तो तुमचा. तेव्हा बाजूला व्हायचं, पण नजर हलवायची नाही. मी बाजूला व्हायची, आणि डोळे मिटायची. ती मोबाईल रोवून ठेवायची आणि नंतर दाखवायची.

“आज बी बंद.”

“किती?”

“सगळ्याच वेळी. एकदा डावा अर्धा उघडा होता.”

मी चिडायची. मनात काहीही ठरवलं तरी भाला उतरायला लागला की पापण्या आपल्या आपण पडायच्या. मला आजवर अभ्यासाने, सवयीने, दमदाटीने सगळं जमलं होतं. स्वतःच्या पापण्यांवर दमदाटी चालत नव्हती. दिवस जवळ येत होते, आणि कुणाचा तरी भाला घसरत जातोय, सगळे माझ्याकडे बघताहेत, असं भर दुपारी वर्गात उभी असतानाही दिसायचं.

एका सकाळी विद्यार्थिनीचा आवाज बसलेला होता. आदल्या दिवशी पार्लरमध्ये लग्नाची गर्दी होती, बोलून बोलून घसा गेला होता.

“मॅडम, आज तुमीच ओरडा,” ती कुजबुजली. “म्हातारी आली बकऱ्या घेऊन. मले ओरडता नाई येत.”

मी माझ्या जागेवर उभी राहिले. तिने धाव घेतली, हात मागे गेला, आणि मी पोटातून ओरडले, “आला”. लांब म्हातारी खाली बसली. भाला माझ्या डावीकडे उतरला, आणि मी तो उतरताना पाहिला. टोक गवतात शिरलं, बाजूची काळी माती खपलीसारखी उचलली गेली, शेपूट मागेपुढे हललं. मी इतकी वर्षं या कामात आहे, आणि भाला जमिनीत शिरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मोबाईलवर पाहिलं. डोळे उघडे. पुन्हा फेकायला लावलं, पुन्हा ओरडले. उघडे. तिला न ओरडता फेकायला सांगितलं आणि मीही गप्प राहिले. बंद.

मग आम्हा दोघींनाही एकदमच लक्षात आलं. जो ओरडतो तो बसत नाही. नियमच तसा आहे. “आला” ऐकणाऱ्याने बसायचं. म्हणणारा उभा असतो आणि भाल्याकडे बघत असतो. माझ्या अंगाने नियम पाळला होता, दोन्ही बाजूंनी.

“मंग तिकडे बी ओरडजा,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“तिकडे ओरडले तर मला मैदानाबाहेर काढतील.”

“हळूच म्हणजा. देवाचं नाव घेते तसं.”

गेले. शहर मोठं होतं, मैदान त्याहून मोठं वाटलं. आमचे मुख्य पंच दक्षिणेकडचे होते, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, हिंदी मोडकी पण स्पष्ट. आम्हा तिघांना त्यांनी जागा नेमून दिल्या. मधली माझी, जिथे सगळ्यात जास्त भाले पडणार होते. आदल्या दिवशी खेळाडूंचा सराव होता. मला वाटलं, न ओरडता एकदा बघूच.

ती मोठी चूक झाली. शाळेच्या पोरांचे भाले आणि या माणसांचे भाले यांची तुलनाच नाही. तो हातातून सुटतो आणि नाहीसा होतो. बराच वेळ वर काहीच नसतं, मग असतो. आणि हे लोक भाला सोडल्यावर ओरडतात, अख्खं अंग झोकून, जणू ओरडून भाल्याला पुढे ढकलत आहेत. पहिला परदेशी खेळाडू धावत आला, फेकलं, आणि त्याने अशी आरोळी ठोकली की मी काही कळायच्या आत गवतात खाली होते. डोकं गुडघ्यांत, हात मानेवर. पाचवीच्या मुलासारखी.

भाला बराच पलीकडे पडला. मुख्य पंच धावत आले.

“लगा क्या, मॅडम?”

“नहीं सर. बूट की लेस.”

ते माझ्या बुटांकडे बघत राहिले. बुटांना लेस नव्हती, वेल्क्रोची चिकटपट्टी होती.

अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. ऊन तिरपं, लोक खच्चून भरलेले. मी माझ्या जागी उभी राहिले. आरोळीच्या आधी मला म्हणायला हवं होतं, एवढंच डोक्यात धरलं. खेळाडू धावायला लागला की ओठ तयार, हात मागे गेला की हळूच, “आला”. मग आरोळी. मग वर ठिपका. पहिल्या फेरीत जमलं. दुसऱ्या फेरीतही. शेजारच्या पंच बाई पंजाबकडच्या होत्या. त्यांनी मध्ये विचारलं, “आप कौनसा मंत्र पढ़ती हैं?” मी म्हटलं, “गांव का है.” त्यांनी हात जोडले.

तिसऱ्या फेरीत एकाचा ठिपका सरकेना. मी बघत होते, तो मोठा होत होता, आणि आता भाल्याचा आवाज यायला लागला, तारेवरून वारा गेल्यासारखा घूं घूं. मी उडी मारून बाजूला झाले. भाला मी उभी होते तिथे रुतला. मी उघड्या डोळ्यांनी तो थरथरताना पाहिला, पण शिरताना पाहिला नव्हता. ‘आला’ हळूच म्हटलं होतं, तरी डोळे पुन्हा मिटले होते.

मुख्य पंच आले. “देखा?”

“नहीं देखा,” मी म्हटलं. खोटं बोलून काय करायचं होतं?

“गड़ गया है, छेद दिख रहा है. कोई बात नहीं.” मग जरा थांबून, “मॅडम, फिसल के आएगा तो छेद नहीं होगा. आप उधर टेबल पर बैठेंगी? दूसरे को बुलाता हूँ.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टेबलावर सावली होती, खुर्ची होती, भाले तिकडे येत नव्हते. मला जायचं होतं, हे लिहिताना लाज वाटत नाही. पाय सरळ तिकडे निघाले असते.

“एक राउंड रुकिए, सर,” मी म्हटलं.

“ठीक है. नहीं दिखे तो बोल देना. जैसे अभी बोला.”

पुढच्या दोन्ही फेऱ्यांत सगळे भाले रुतले, आणि मी ते सगळे रुतताना पाहिले. शेवटच्या फेरीत एका लहान देशाचा, बारीक चणीचा खेळाडू आला. पाचव्या क्रमांकावर होता. धावताना त्याची लय थोडी बिघडली, ते मला लांबूनही दिसलं. शाळेच्या पोरांची रोज बिघडते. भाला खालून निघाला. वर गेलाच नाही. पसरट, डोकं न झुकवता, मैदानावरून सरळ माझ्या अंगावर येत होता, आणि ठिपका सरकत नव्हता.

या वेळी मी हळू म्हटलं नाही. देवळीच्या मैदानावर ओरडते तशी ओरडले, “आला”. शेजारच्या बाई दचकल्या. खाली कुणी बसलं नाही. तिथे कुणाला माहीत होतं? मी दोन पावलं बाजूला झाले आणि बघितलं. टोक गवताला टेकलं. लोखंडाने गवताचा एक बारका झुपका कापला, नखाने ओरखडावं तशी रेघ उमटली, आणि मग अख्खा भाला आडवा झाला आणि माझ्या पायांजवळून सरसरत लांबपर्यंत गेला. मी नजर भाल्यामागे जाऊ दिली नाही. ओरखड्याला चिकटवून ठेवली, चालत तिथे गेले आणि बूट त्याच्या शेजारी टेकवला.

मुख्य पंच आले. लोक ओरडत होते, बहुतेकांना वाटत होतं की फेक बाद झाली.

“नोक पहले?”

“नोक पहले. यहाँ.”

ते वाकले, बोटाने गवत बाजूला केलं. ओरखडा होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, माझे डोळे तपासल्यासारखं, आणि फेक ग्राह्य धरल्याचं पांढरं निशाण वर केलं.

त्या फेकीने त्या खेळाडूचं काहीच बदललं नाही. तो पाचवाच राहिला. माप आलं, त्याने खांदे उडवले आणि बॅग आवरायला गेला. तो भाला दोघांनी नीट पाहिला होता, त्याने आणि मी, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

पंचांच्या खोलीत बूट काढायला बसले. चिकटपट्टी ओढायची तेवढी ताकद बोटांत नव्हती. पंजाबच्या बाईंनी काही न विचारता माझे दोन्ही बूट काढून दिले आणि चहा आणायला गेल्या. मी मान वर करून दिवा बघत बसले, डोळे मिटावेत असं खूप वाटत होतं आणि मिटवत नव्हते.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी मैदानावर गेले. नवरा स्कूटरवर सोडायला आला होता, तिथेच थांबला. विद्यार्थिनीचा घसा मोकळा झाला होता. तिने भाला उचलला आणि लांबून विचारलं, “मॅडम, आता तं तुमी उभ्या राहता ना?”

“तू फेक.”

ती धावली. “आला”, तिने ठणठणीत आवाजात हाक दिली. म्हातारी बसली, फेऱ्या मारणारे दोघे बसले, स्कूटरजवळ नवराही वाकला. या मैदानाला दोर नाही, भिंत नाही, आणि इथे ओरडणारी ती होती. मी खाली बसले, डोकं गुडघ्यांत घातलं, हात मानेवर ठेवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.